दुखणाईत पाहुणी



मांजर हा आपल्या घरांतील फार जुना रहिवासी आहे. वाघाची मावशी म्हणून आपण त्याला मान देतों, तें आडवें गेलें म्हणून क्षणभर अडखळतों, आणि डोळे मिटून दूध पितें म्हणून त्याच्यावर लबाडीचा आरोपहि करतों. पण ज्या मांजराविषयीं मी आज बोलणार आहें, तें यांपैकीं कोणत्याच समजुतींत बसत नाहीं. तें आडवें जात नाहीं, कारण तें मुळीं दिसतच नाहीं. कपाटामागें, पलंगाखालीं अंग चोरून तें बसलेलें असतें. त्याचे डोळे पाणावलेले असतात, नाक चोंदलेलें असतें, आणि आपला हात पुढें आला कीं तें आणखी मागें सरतें. असें मांजर कांहीं महिने आपल्या घरीं ठेवून घेणें, त्याची शुश्रूषा करणें, आणि योग्य घर मिळालें म्हणजे त्याला तिकडे पोंचविणें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

शहरांत आजकाल या कामाला ‘फॉस्टर’ करणें म्हणतात. आपण त्याला तात्पुरता सांभाळ म्हणूं. पाळणें निराळें आणि सांभाळणें निराळें. पाळणाऱ्याला जनावराकडून कांहीं तरी मिळावें अशी अपेक्षा असते. निदान तें आपल्याजवळ राहावें एवढी तरी असतेच. सांभाळणाऱ्याला ही अपेक्षाहि ठेवतां येत नाहीं. त्याचें घर हें त्या जनावराचें माहेर. सासर पुढें कोठें तरी ठरावयाचें असतें.

संस्था आणि रुग्णालयें असतांना यासाठीं गृहस्थाच्या घराची गरज काय, असें कोणी विचारील. मुंबईंत प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी संस्था १८७४ सालीं निघाली. परळ येथें तिचें जनावरांचें मोठें रुग्णालय आहे. १९६० सालीं या बाबतींत देशाचा कायदा झाला आणि १९६२ सालीं प्राणि-कल्याण मंडळ स्थापन झालें. हें सर्व आवश्यक आहेच. परंतु रुग्णालय जखम शिवूं शकतें, ताप उतरवूं शकतें. शेजारच्या पिंजऱ्यांतील कुत्र्याचें भुंकणें तें थांबवूं शकत नाहीं. भित्र्या मांजराला औषधाइतकीच ज्याची गरज असते, तें म्हणजे एक निवांत खोली आणि रोज तेंच एक माणूस. हें देणें साध्या घरालाच शक्य असतें.

आमच्या घरीं आलेल्या अशा एका मांजरीचें उदाहरण घेतें, म्हणजे बोलणें हवेंत राहणार नाहीं. प्राण्यांसाठीं झटणाऱ्या एका कार्यकर्तीनें तिला मासळीबाजारामागच्या बोळांतून उचलून आणलें होतें. वय सुमारें दोन वर्षें, रंग राखी, वजन अवघें २ किलो ३०० ग्रॅम. नांव ठेवण्यांत आम्हीं बुद्धि खर्च केली नाहीं. मनी म्हणूं लागलों. डाव्या डोळ्यांतून सारखें पाणी, नाकांतून घट्ट स्राव, आणि श्वास घेतांना घुरघुर. पशुवैद्यांनीं तपासून सांगितलें, कीं हिला मांजरांच्या हर्पीस विषाणूचा जुना आजार आहे. तो आटोक्यांत राहील, पण मुळासकट जाणार नाहीं.

त्याच आठवड्यांत, मांजर हवें असलेल्या एका कुटुंबाचा दूरध्वनि आला. तिचें छायाचित्र त्यांना आवडलें होतें. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर पलीकडून उत्तर आलें, “ती बरी झाली म्हणजे कळवा. मग घेऊन जाऊं.” त्या बोलण्यांत गैर असें कांहींच नव्हतें. तरी पण त्या एका वाक्यानें माझ्यापुढें प्रश्न उभा केला. जी कधींच पुरती बरी होणार नाहीं, तिच्या बाबतींत ‘बरी झाली’ असें कोणत्या दिवशीं म्हणावयाचें? आणि तो दिवस येणारच नसेल, तर तिला घर मिळूंच नये काय? पुढें जें सांगणार आहें, तें या प्रश्नाचें उत्तर शोधतांना हातीं आलेलें आहे.

प्रथम आजाराविषयीं. हा विषाणु मांजरवर्गीय प्राण्यांनाच बाधतो. माणसाला किंवा कुत्र्याला तो लागत नाहीं, हें लहान मुलें असलेल्या घरांनीं लक्षांत ठेवावें. बालपणीं एकदां पडशाच्या रूपानें तो येऊन गेला, कीं बहुतेक मांजरांच्या शरीरांत कायमचा दडून राहतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशीं तो जणूं निजलेला असतो. जागा बदलली, गोंगाट झाला, दुसरें मांजर घरांत आलें, अशा कोणत्याहि कारणानें जनावराच्या मनावर ताण पडला कीं तो जागा होतो, आणि सुमारें एका आठवड्यानें शिंका, डोळ्यांना पाणी, अन्नावरची वासना उडणें हीं लक्षणें दिसूं लागतात. लस दिल्यानें आजाराचा जोर कमी होतो, पण दडलेला विषाणु निघून जात नाहीं.

या विषयाचें मर्म येथेंच आहे. भित्र्या मांजराच्या बाबतींत भीति आणि आजार या दोन स्वतंत्र गोष्टी नाहींत. ते एकाच दोरीचे दोन पदर आहेत. भीतीमुळें आजार उसळतो. आजारामुळें औषध द्यावें लागतें. औषधासाठीं धरलें कीं भीति वाढते. आणि भीति वाढली कीं पुन्हां आजार. हें चक्र कोठें तरी तोडावें लागतें. कॅनडांतील एका आश्रयस्थानांत घाबरलेल्या मांजरांवर केलेला एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या मांजरांना दिवसांतून कांहीं वेळां दहा दहा मिनिटें हळुवारपणें कुरवाळण्यांत आलें, त्यांच्यांत श्वसनाचे विकार इतरांहून कमी आढळले. म्हणजे मांजराचा धीर वाढविणें ही नुसती मायेची बाब नव्हे, तो उपचाराचाच एक भाग आहे.

आतां भीतीविषयीं. मांजराच्या पिलाला माणसाची ओळख पटण्याचा काळ फार थोडा असतो; जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेंतील आयलीन कार्श या विदुषींनीं १९८० नंतरच्या वर्षांत केलेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें, कीं या वयांत ज्या पिलांना माणसाचा हात लागतो, तीं पुढें माणसाजवळ सहज येतात. बोळांत जन्मलेल्या पिलाच्या वांट्याला त्या वयांत माणसाचा हात येत नाहीं. आला तर तो दगड मारणारा येतो. असें मांजर मोठेपणीं आपल्या घरीं येऊन लपून बसलें, तर त्याला कृतघ्न किंवा माणूसघाणें म्हणूं नये. प्रौढपणीं परकी भाषा शिकणाऱ्याला जसा वेळ लागतो, तसा त्याला लागतो, एवढेंच.

तेव्हां पहिले पंधरा दिवस त्याला एकच लहान खोली द्यावी. शहरांतील घरांत वेगळी खोली कोठून आणावी, ही अडचण खरी आहे. पण मांजराला जागेचा विस्तार नको असतो, आडोसा हवा असतो. कोपऱ्यांत पुठ्ठ्याचें एक खोकें आडवें ठेवून आंत जुन्या सुती लुगड्याची घडी घातली कीं त्याचें काम भागतें. हॉलंडमध्यें उट्रेख्ट येथील संशोधकांनीं १९ मांजरांवर केलेला एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं १० मांजरांना लपण्यासाठीं खोकें दिलें होतें, ९ मांजरांना दिलें नव्हतें. खोकें मिळालेलीं मांजरें पहिल्या कांहीं दिवसांतच अधिक शांत झालीं. म्हणजे लपणें हा दोष नसून धीर येण्याची ती पहिली पायरी आहे. लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढणें हें म्हणूनच सर्वस्वीं वर्ज्य समजावें. खाण्याची वाटी एका बाजूस, मलमूत्रासाठीं मातीचें तसराळें दुसऱ्या बाजूस, आणि खिडकीला भक्कम जाळी, एवढी व्यवस्था असली म्हणजे पुरे. घरांत आधींचें मांजर असेल तर या पंधरा दिवसांत दोघांची गांठ पडूं देऊं नये, आणि भांडींहि निराळीं ठेवावीं.

रोज ठराविक वेळीं त्या खोलींत जाऊन जमिनीवर बसावें आणि मांजराकडे लक्षच नाहीं असें दाखवावें. भाजी निवडावी, वर्तमानपत्र वाचावें. टक लावून पाहणें हें मांजरांच्या रीतींत धमकीचें लक्षण आहे. उलट डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडणें हें सलोख्याचें. इंग्लंडमधील ससेक्स येथील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अशा रीतीनें डोळे मिचकावणाऱ्या माणसाजवळ मांजरें अधिक येतात असें दिसून आलें. मनीनें या खुणेला पहिलें उत्तर तिसऱ्या आठवड्यांत दिलें. तोपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मी त्या खोलींत बसत असें आणि ती खोक्यांतून मला न्याहाळीत असे. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळ फुकट गेला असें वाटलें असतें.

आहाराविषयीं आपल्या घरांतून एक गैरसमज फार रूढ आहे. मांजराला दूध-भात दिला कीं कर्तव्य संपलें असें आपण मानतों. वास्तविक बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाहीं. त्यानें पोट बिघडतें. मांजर हा पुरता मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नांवाचें जें द्रव्य त्याला मांस-मासळींतून मिळतें, तें न मिळाल्यास त्याची दृष्टि जाते आणि हृदय दुबळें होतें. हृदयाच्या विकाराशीं असलेला हा संबंध १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं सिद्ध केला. तेव्हां ज्या घरांत मांस शिजत नाहीं, त्यांनीं मांजरांसाठीं तयार मिळणारें अन्न आणावें, पण मांजराला शाकाहारी करूं नये. कांदा व लसूण यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश होतो, म्हणून आपल्या ताटांतील कालवण त्याला घालूं नये. नाक चोंदलेलें मांजर जेवत नाहीं, कारण त्याला वास येत नाहीं. अशा वेळीं अन्न किंचित् कोमट करून द्यावें, आणि नाक कोमट पाण्याच्या बोळ्यानें पुसावें. दोन दिवस पोटांत कांहीं गेलें नाहीं तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. उपासानें मांजराच्या यकृतावर चरबी चढते आणि मूळ आजाराहून तें भयंकर ठरतें.

सर्वांत नाजूक प्रश्न औषध देण्याचा. ज्या हातानें घांस द्यावयाचा, त्याच हातानें मानगूट धरावयाची, हें मांजराला समजावून कसें सांगावें? याला आम्हांला तीन उपाय सांपडले. पहिला उपाय, प्रत्येक औषध खरोखरच हवें आहे काय हें पशुवैद्यांना विचारावें. लायसीन नांवाचें द्रव्य या आजारावर पुष्कळ वर्षें दिलें जात असे. २०१५ सालीं झालेल्या एका विस्तृत समीक्षेनें त्याचा उपयोग होत नाहीं असा निर्वाळा दिला. विषाणूवर खरोखर चालणारीं औषधें आहेत, पण तीं वैद्यांच्या सल्ल्यानेंच द्यावीं. निरुपयोगी औषधाची एक मात्रा टळली, कीं तेवढा विश्वास शिल्लक राहतो. दुसरा उपाय, बळजबरीनें द्यावयाचें औषध खोक्याजवळ किंवा वाटीजवळ कधींहि देऊं नये. त्यासाठीं निराळी जागा ठरवावी. पंचांत गुंडाळून, क्षणभरांत काम उरकून, लगेच सोडून द्यावें आणि आवडीचा घांस पुढें ठेवावा. तिसरा उपाय, माणसें वांटून घ्यावीं. आमच्या घरीं डोळ्यांत थेंब घालण्याचें काम यजमानांनीं अंगावर घेतलें आणि जेवण देण्याचें मीं. त्यामुळें चार महिने त्यांच्या पावलांची चाहूल लागतांच मनी पलंगाखालीं जाई आणि माझ्यासमोर मात्र निर्धास्त जेवी. घरांतील कोणीं तरी असा वाईटपणा आनंदानें पत्करावा लागतो.

कांहीं धोक्याच्या सूचना येथें देऊन ठेवतें. माणसाच्या तापावरील पॅरासिटामोलची एक गोळीहि मांजराचा जीव घेऊं शकते, कारण तें द्रव्य निरुपद्रवी करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फारच थोडी असते. याच कारणानें फरशी पुसण्याचें फिनेल त्याला घातक होतें. तें पायांना लागतें आणि पाय चाटतांना पोटांत जातें. डासांच्या उदबत्तीचा व धुपाचा धूर दुखऱ्या नाकाला सोसत नाहीं. मांजर तोंड उघडून धापा टाकूं लागलें, किंवा बोक्याला लघवी होईनाशी झाली, तर तासाभराचाहि विलंब करूं नये. आणि आपल्याला ओरखडा किंवा चावा बसला, तर वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें जखम धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. रेबीज मांजराच्या चाव्यानेंहि होतो, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर उपाय उरत नाहीं.

या सर्व खटाटोपांत सर्वांत उपयोगी पडली ती एक साधी वही. तिच्या एका रकान्यांत आम्ही घरांत व आसपास घडलेली घटना लिहीत असूं, आणि दुसऱ्यांत मनीच्या शिंका, तिचें खाणें व दर रविवारचें वजन. शिंका वाढल्या कीं आठ दिवस मागें जाऊन पाहावयाचें. गणपतिविसर्जनाचे ढोल रस्त्यावरून गेले, आणि सातव्या दिवशीं डोळा पुन्हां वाहूं लागला. शेजारीं दुरुस्तीचें काम निघालें, आणि सहाव्या दिवशीं तिनें जेवण सोडलें. एकदां हा हिशेब कळल्यावर दिवाळीच्या वेळीं आम्ही तयार होतों. खोकें आंतल्या भिंतीशीं हलविलें, खिडक्या लावून जाड पडदे सोडले, आणि वैद्यांना आधींच विचारून ठेवलें. त्या खेपेस दुखणें आलें, पण दोन दिवसांत ओसरलें. पहिल्या तीन महिन्यांत पांच वेळां उसळलेला आजार पुढच्या सहा महिन्यांत दोनच वेळां उसळला. वजन ३ किलोंच्या वर गेलें. आणि एके दिवशीं थेंब घालून झाल्यावर ती पळून न जातां यजमानांपासून हातभर अंतरावर बसून पंजा चाटूं लागली. मांडीवर मात्र ती शेवटपर्यंत आली नाहीं.

आतां त्या प्रश्नाकडे वळतां येईल. ‘बरी होणें’ आणि ‘सुखानें राहणें’ या दोन गोष्टी आपण एकच समजतों, हीच आपली चूक आहे. मनीचा विषाणु तिच्या शरीरांत होता तसाच आहे. पण ती पोटभर जेवते, उन्हांत निजते, आणि वर्षाचे बहुतेक दिवस तिला कांहीं होत नाहीं. आपल्या घरांतून मधुमेह किंवा दमा असलेलीं वडील माणसें राहतात. ‘बरीं झालीं म्हणजे घरांत घेऊं’ असें आपण त्यांना म्हणत नाहीं. दुखणें संभाळीत जगणें हेंहि जगणेंच आहे. म्हणून अशा मांजरासाठीं घर शोधतांना मी ‘ती बरी झाली आहे’ असें कधींच सांगितलें नाहीं. तिला काय आहे, तें केव्हां उसळतें, त्यावेळीं काय करावें लागतें, आणि महिन्याला साधारण किती खर्च येतो, तें वही पुढें ठेवून सांगितलें. तिघांनीं नकार दिला. चौथ्या एक सेवानिवृत्त शिक्षिका होत्या. त्या एकट्या राहतात आणि त्यांचें घर शांत आहे. त्यांनीं वही दोन वेळां वाचली, चार रविवार येऊन जमिनीवर बसल्या, आणि मग मनीला तिच्या खोक्यासह व न धुतलेल्या लुगड्याच्या घडीसह घेऊन गेल्या. आठव्या दिवशीं अपेक्षेप्रमाणें शिंका सुरू झाल्या. बाईंनीं घाबरून ती परत पाठविली नाहीं, कारण शिंका येणार हें त्यांना ठाऊक होतें. लपवून दिलेलें मांजर परत येतें. सांगून दिलेलें राहतें.

तिला पाठवितांना वाईट वाटलें काय, असें मला पुष्कळांनीं विचारलें. वाटलें. पण तिला ठेवून घेतलें असतें, तर आमची खोली भरली असती आणि बोळांतील पुढच्या मांजराला दार बंद झालें असतें. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकांत कण्वाचा कंठ दाटून येतो. तो शकुंतलेचा जन्मदाता नव्हे, सांभाळ करणारा पिता. तरी तो तिला अडवीत नाहीं. त्याच अंकांत हरणाचें एक पाडस आहे. दर्भाच्या टोकांनीं त्याचें तोंड चिरलें, तेव्हां शकुंतलेनें त्याला इंगुदीचें तेल लावलें होतें, आणि मुठीमुठीनें सांवे भरवून त्याला वाढविलें होतें. निघतांना तें तिचें वस्त्र धरतें, आणि ती त्याला कण्वाच्या हवालीं करते. दुखऱ्या जनावराचा सांभाळ असाच एका हातांतून दुसऱ्या हातांत जावयाचा असतो, हें त्या कवीला पक्कें ठाऊक होतें.

आपल्यांपैकीं ज्यांच्या घरीं एखादा निवांत कोपरा आहे आणि दिवसांतून तासभर कांहीं न करतां बसण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनीं हें काम करून पाहावें. मांजर आपले आभार मानणार नाहीं. कांहीं महिन्यांनीं तें खोक्याबाहेर येऊन, आपल्याकडे पाठ करून, निर्धास्तपणें जेवूं लागेल. ज्यानें जन्मभर माणसाकडे पाठ फिरविण्याचें धाडस केलें नव्हतें, त्याच्याकडून मिळणारी ती मोठीच पावती समजावी.